फाळक्याच्या आतली ओळ

पामर निगार्डच्या वर्कशॉपात खिडकीखाली एक पुठ्ठ्याचा खोका आहे आणि त्यात पांढरे सुती हातमोजे आहेत, सगळे डाव्या हाताचे. हेग्रे गावात कोणी गेलं की शवपेटी उचलायला सहा जण लागतात, आणि त्या सहांत पामर नाही असं गेल्या तीस वर्षांत झालेलं नाही. लग्न केलेलं नाही, पाठ शाबूत आहे, काळा कोट इस्त्री करून खुंटीला तयार असतो. एवढ्या भांडवलावर माणूस गावाचा कायमचा खांदेकरी होतो. खांदेकऱ्यांना चर्चमधून मोजे देतात. विधी आटोपला की बाकीचे पाच जण ते काढून पेटीवर ठेवतात, पामर मात्र डावा मोजा हळूच खिशात घालतो. लोकांना आधी वाटायचं, बिचारा विसरला. तो विसरत नसतो. पत्रा सरळ झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, तळहाताला कळतं. आणि उघडा तळहात पत्र्यावर अडखळतो, मोज्यातला सरकतो. तेव्हा गावातल्या निम्म्या गाड्यांचे पोचे गावातल्याच गेलेल्या माणसांच्या मोज्यांनी तपासलेले आहेत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पामर पासष्ट वर्षांचा. दिवसाला तीसेक वाक्यं बोलतो, त्यातली दहा पत्र्याशी. वर्कशॉप म्हणजे पूर्वीची लोण्याची डेअरी. ती बंद पडल्यावर त्याच्या वडिलांनी, थोरवाल्डने, तिथे पत्रा ठोकायला सुरुवात केली. पावसाळी हवेत अजून भिंतींना ताकाचा वास येतो असं पामर म्हणतो, इतर कुणाला तो येत नाही.

थोरवाल्डची एक सवय पामरने जशीच्या तशी उचलली. दरवाजा असो, बॉनेट असो की पिकअपच्या हौद्याचा मागचा, खाली पाडता येणारा फाळका असो, दुरुस्ती झाली की झाकण बसवण्याआधी आतल्या बाजूला तेलकट खडूने तारीख लिहायची आणि कुणाच्या हातून वाकलं त्याचं नाव लिहायचं. पुढे कधी कुणी तो पत्रा उघडला तर त्याला खरं काय ते कळावं, एवढाच हेतू. पंचक्रोशीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावचा पास्टर म्हणतो, माझ्यापेक्षा पामरकडे कबुलीजबाब जास्त आहेत, आणि तो हे म्हणतो तेव्हा लोक जरा जास्तच मोठ्याने हसतात.

ऑक्टोबरात पामरकडे फाळक्यांची रांग लागते. वासरं गायींपासून तोडायची, ट्रेलरात भरायची, बाजाराला न्यायची. इथला गुरांचा ट्रेलर गाडीच्या मागे नुसता अडकत नाही. त्याची लांब लोखंडी मान फाळक्यावरून आत येते आणि पिकअपच्या हौद्यात मधोमध असलेल्या जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर बसते. म्हणून गाडी ट्रेलरखाली मागे घ्यायच्या आधी फाळका पाडायचा. नियम एवढाच, आणि इतका सोपा की तो एकदा तरी विसरल्याशिवाय या भागात कुणी म्हातारा होत नाही. फाळका उभा राहतो, गाडी मागे येते, ट्रेलरची मान धाडकन आदळते आणि फाळक्याची वरची कड मधोमध आत जाते. सगळ्यांचा फाळका एकाच आकारात वाकतो, त्यामुळे थापा मारायची सोय नाही. तरी लोक मारतात. एकाने तर वाऱ्याने वाकला म्हणून सांगितलं होतं, आणि तेव्हापासून पामर वाकलेला फाळका घेऊन आलेल्या प्रत्येकाला एकच शब्द विचारतो.

त्या मंगळवारी सेल्मर ब्राटेन आपला एकोणऐंशी सालचा हिरवा पिकअप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाही पामरने गाडीच्या मागे एक फेरी मारली आणि विचारलं, "वारा?"

"वारा," सेल्मर म्हणाला.

मग दोघं आत जाऊन कॉफी प्याले. सेल्मर ब्याऐंशी वर्षांचा, काटकुळा, टोपी काढली तर कपाळाचा वरचा अर्धा भाग दुधासारखा पांढरा. त्याची बायको आर्डिस ही पामरची शाळेतली बाई. लग्नाआधी चार वर्षं तिने माळावरच्या एकखोली शाळेत शिकवलं होतं, आणि पामरने अक्षर गिरवलं ते तिच्याच हाताखाली. त्या चार वर्षांच्या जोरावर ती त्याच्यासाठी आजतागायत बाईच राहिली. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीचा कप हातात घेतानाही तो तिच्यापुढे जरा सरळ उभा राहतो.

सेल्मरने कप खाली ठेवला. फाळका रविवारपर्यंत पाहिजे, तो म्हणाला. मुलगी, जोलीन, आर्डिसला फार्गोला डॉक्टरांकडे घेऊन गेली आहे, आठवडाभर तपासण्या आहेत, रविवारी ती परत येईल. त्याच्या आत फाळका असा झाला पाहिजे की काही घडलंच नव्हतं.

"गंज न लागलेला जुना फाळका दक्षिणेकडून मागवतो," पामर म्हणाला. "गुरुवारपर्यंत येईल. रंग मारून देतो."

"नको. डाव्या कोपऱ्यात गायीच्या लाथेचा पोचा आहे, तो तिला माहीत आहे. हाच पाहिजे, पोच्यासकट."

पामर नुसता बघत राहिला. माणसाला गप्प बसून बोलतं करायची कला त्याला जन्मतःच आहे. थोड्या वेळाने सेल्मर आपणहून बोलायला लागला, आणि बोलताना तो सबंध वेळ त्या मोज्यांच्या खोक्याकडे बघत होता.

ट्रेलर जोडायचं काम दोघांचं असतं. एक जण गाडीत, दुसरं मागे उभं राहून हाताने खुणा करणार. फाळका पाडायचं कामही त्या दुसऱ्याचंच. बहुतेक घरांत नवरा गाडीत असतो आणि बायको मागे, आणि त्यांच्या संसाराचं खरं काय आहे ते त्या पाच मिनिटांत सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू येतं. ब्राटेनांच्या अंगणातून मात्र पंचावन्न वर्षांत कधी आवाज आला नाही. आर्डिस डाव्या बाजूला उभी राहायची, हात वर करायची, आणि सेल्मर आरशात त्या हाताखेरीज काही बघायचाच नाही. तीन आठवड्यांपूर्वीही त्याने तेच केलं. तिने हात हलवून ये ये केलं, तो आला. फाळका पाडायचा राहिला होता.

आर्डिसचं विसरणं गेल्या हिवाळ्यात सुरू झालं होतं. गावाला त्याचा अंदाज होता. पण कुणी त्यावर बोलायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने वाकलेला फाळका बघितला आणि विचारलं, हे कुणी केलं? सेल्मर म्हणाला, मी. तिने त्याला यथास्थित झापलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा विचारलं, पुन्हा झापलं. रोज सकाळी ती तो फाळका पहिल्यांदाच बघायची आणि रोज त्याला नव्याने बोलणी बसायची.

"मग गाडी तोंड फिरवून लावायची," पामर म्हणाला.

"लावली. म्हणाली, आज उलटी का लावलीस, आणि बघायला मागे गेली."

"फाळका काढून ठेवायचा."

"काढला. सगळं अंगण धुंडाळलं तिने. चोरीला गेला म्हणून शेरीफला फोन करत होती."

पामरला हसू आलं, सेल्मरलाही आलं. बोलणी खाण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. खरं तर सकाळ बरी जायची. झापताना ती अगदी पूर्वीसारखी, शाळेत होती तशी व्हायची. तेरा दिवस असं चाललं. चौदाव्या दिवशी ती खिडकीशी उभी राहिली आणि तिने काहीच विचारलं नाही. टेबलाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, सेल्मर, फाळका पाडायचं काम माझं होतं. त्यानंतर ती दिवसभर बोलली नाही, जेवली नाही. फक्त दोनदा तिने स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले.

"दुसऱ्या दिवशी विसरली," सेल्मर म्हणाला. "पण तिला पुन्हा कधी आठवेल सांगता येत नाही. रोजची बोलणी मी मरेपर्यंत खाईन, पामर. तो दिवस मला परत नको."

पामरने मान डोलावली. काम घेतो म्हणाला. सेल्मर उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. आणखी एक होतं. आत जी ओळ लिहायची, तिच्यात त्याचं नाव लिहायचं. कारण आर्डिसला ही पद्धत ठाऊक आहे, आणि फाळका पामरकडे येऊन गेला हे तिला कळलंच तर ती पहिला प्रश्न तोच विचारेल.

"ते बघू," पामर म्हणाला. त्या भागात 'ते बघू' म्हणजे 'नाही'.

नाही म्हणायला कारण होतं, आणि गंमत म्हणजे ते कारण आर्डिसनेच घालून दिलेलं होतं. दुसरीत असताना पामरने वहीत लिहिलं होतं की मी धडा तीनदा वाचला. त्याने तो एकदाही वाचला नव्हता. बाईंनी त्याला मारलं नाही, वर्गासमोर उभं केलं नाही. खोडरबर घेऊन त्याच्या बाकावर बसल्या आणि ती ओळ स्वतः खोडली, इतक्या सावकाश की कागदावर एक सुरकुती आली नाही. मग म्हणाल्या, "तुला थाप मारायचीच असेल तर तोंडाने मार, पामर. लिहू नकोस. लिहिलेलं आपल्या मागे राहतं." पन्नासेक वर्षांत त्याने शेकडो पत्र्यांच्या आत शेकडो नावं लिहिली, पण एकही खोटं लिहिलं नाही. एखाद्या पोराने बापाचं नाव सांगितलं किंवा एखाद्या बापाने पोराचं, तरी पामर चौकशी करून खरं तेच लिहायचा. आता बाईंसाठीच खोटं लिहायची वेळ आली होती, आणि न लिहावं तर बाईंच्या नावाने ती ओळ कायमची राहणार होती. 

बुधवारी सकाळी त्याने फाळका उतरवून दोन लाकडी घोड्यांच्या टेकूवर पालथा घातला आणि आतल्या झाकणाचे आठ स्क्रू काढले. सेल्मर कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. घरी एकट्याने काय करायचं म्हणून तो आठच्या ठोक्याला हजर झाला होता, आणि येताना चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेला बटाटे-खिम्याचा भाजलेला अख्खा ट्रे घेऊन आला होता. ते दोघांना तीन दिवस पुरलं.

झाकण निघालं. आत वाळलं गवत होतं, उंदराचं जुनं घरटं होतं, एक पेन्सिल होती. पामरने ब्रशने सगळं झाडलं, फडक्याने पुसलं, आणि पत्र्यावर वडिलांचं अक्षर दिसलं. फाळका पूर्वी एकदा इथे येऊन गेला आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्या वर्षी तो सैन्यातल्या मित्राकडे मिनेसोटात कामाला गेला होता. थोरवाल्डने लिहिलं होतं: १९ ऑक्टोबर १९७९. आर्डिस ब्राटेन. आणि त्याच्या खाली, थोड्या बारीक अक्षरात: ती म्हणते.

पामरने ते शब्द पुन्हा वाचले. वडिलांनी लिहिलेल्या ओळी त्याने आजवर दोनेकशे तरी वाचल्या असतील. तारीख आणि नाव, याच्यापुढे त्यांनी कधी एक टिंब दिलेलं नव्हतं.

"सेल्मर," तो म्हणाला. "इकडे या जरा."

सेल्मरने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वाचलं. मग तो तिथेच घोड्याच्या कडेला टेकला.

गाडी तेव्हा तीन आठवड्यांची होती आणि सेल्मरच्या वडिलांची होती. म्हातारा तोस्टन ब्राटेन पंचाहत्तरीला टेकला होता, पण शेत, गुरं, गाडी सगळं त्याच्याच नावावर. ओरडायचा नाही, मारायचा नाही. नाराज झाला की बोलणं बंद करायचा. एकदा कुंपणाच्या दारावरून तो सेल्मरशी पाच महिने बोलला नव्हता, एकाच टेबलावर बसून. अशा माणसाच्या नव्या कोऱ्या गाडीचा फाळका सेल्मरने वाकवला होता. आर्डिस तेव्हा अंगणात नव्हतीच, ती घरात पाव भाजत होती. आवाज ऐकून बाहेर आली, फाळका बघितला, सेल्मरचं तोंड बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, तीन पोरांचा बाप, आणि रडायच्या बेतात. ती म्हणाली, मी मागे उभी होते, मी पाडायला विसरले. तुझ्याशी ते बोलणं टाकतील, मला ते काही बोलणार नाहीत. आणि पिठाच्या हातांनीच सरळ सासऱ्याकडे गेली.

"मी मागून जायला पाहिजे होतं," सेल्मर म्हणाला. "गेलो नाही. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हातारा गेला. तिने एकदाही तोंडातून काढलं नाही, पामर. चौतीस वर्षं. घरचे लोक तिला चिडवायचे, मास्तरीणबाई फाळका विसरल्या म्हणून, आणि ती हसायची. मी पण हसायचो."

डोळ्यांतलं पाणी त्याने टोपीने पुसलं. पामरने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि कामाला लागला. दुसऱ्याच्या रडण्याला आडोसा द्यावा एवढं त्याला कळत होतं.

वाकलेला पत्रा ज्या क्रमाने आत गेला त्याच्या उलट्या क्रमाने बाहेर काढावा लागतो. शेवटी जे वाकलं ते आधी सरळ करायचं. पामरने आधी आतली चौकट घेतली. कडेला लाकूड लावून जॅक बसवला आणि एकेक दात चढवत गेला. मध्येच थांबायचा, जॅक तसाच ठेवून कॉफी प्यायचा, कारण ताणून धरलेल्या लोखंडाला थोडा वेळ दिला तर ते आपणहून निम्मं काम करतं. घाई केली तर सुटल्याबरोबर परत जागेवर जातं. दुपारपर्यंत चौकट दोरीसारखी सरळ झाली. मग बाहेरचा पत्रा. आतून मुठीएवढा लोखंडी ठोकळा धरायचा, वरून हातोडी. मोठे घाव नाहीत, टिचकी मारल्यासारखे बारीक. ताणून पातळ झालेल्या जागी तो ज्योत फिरवायचा आणि ओलं फडकं दाबायचा, तेव्हा पत्रा चुर्र आवाज करून आक्रसायचा.

दर थोड्या वेळाने तो डाव्या हातात मोजा घालून डोळे मिटायचा आणि पत्र्यावरून हात फिरवायचा.

"हा कुणाचा?" सेल्मरने विचारलं.

"हिल्मा रूडचा."

"बरी बाई होती. माझ्या वेळचा मोजा जपून वापर. खरबरीत कामाला घेऊ नकोस."

"तुमचा मी दरवाज्यांना वापरीन," पामर म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी हात कुठेच अडला नाही. डाव्या कोपऱ्यातल्या गायीच्या लाथेला पामरने हातोडी लागू दिली नव्हती. शुक्रवारचा दिवस रंगात गेला, आणि पामरला सगळ्यात जड गेलं ते हेच. जन्मभर त्याने जुनं नव्यासारखं केलं. नवं लावून ते जुनं दिसेल असं करायची वेळ पहिलीच. हिरव्यात पांढरा मिसळला, मग जरा पिवळा, मग खडूची पूड. वाळल्यावर त्याने त्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवला, कडेचा रंग घासून उडवला. सेल्मर बाजूला उभा राहून आठवून आठवून सांगत होता, इथे एक ओरखडा होता, इथे गंजाचा ठिपका. पामर मुकाट्याने ओरखडा काढत होता. संध्याकाळी दोघांनी लांब उभं राहून बघितलं. चौतीस वर्षं उन्हापावसात काढलेला फाळका दिसत होता.

राहिली फक्त आतली ओळ. पामर म्हणाला, रंग पुरता वाळू दे, उद्या लिहितो.

शनिवारी सकाळी सेल्मर आला नाही. पामरने फाळका घोड्यांवर पालथा घातला, खडू घेतला आणि वडिलांच्या ओळीसमोर उभा राहिला. थोरवाल्ड कमी शिकलेला माणूस. आर्डिस समोर उभी राहून सांगत असणार, मी केलं, आणि बाहेर गाडीत सेल्मर मान खाली घालून बसलेला असणार. थोरवाल्डने ओळखलं असणार. त्याने तिला खोटं पाडलं नाही आणि स्वतःही खोटं लिहिलं नाही. पामरला वडिलांचा आजवर कधी आला नव्हता एवढा अभिमान वाटला. वडिलांनी हे कधी सांगितलं नाही, याचं वाईटही वाटलं. त्याने त्या ओळीच्या खाली तारीख लिहिली, सेल्मर ब्राटेन लिहिलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: तो म्हणतो.

खडू खाली ठेवतोय तोच बाहेर गाडी थांबली. जोलीनची गाडी. तपासण्या शुक्रवारीच संपल्या होत्या आणि आर्डिस आणखी एक रात्र राहायला तयार नव्हती. घरी पोचून, सेल्मरला बरोबर घेऊन ते गावात सामानाला निघाले, तेव्हा वर्कशॉपापुढे त्यांचा हिरवा पिकअप तिला दिसला, फाळक्याशिवाय, आणि तिने गाडी थांबवायला लावली. सेल्मर जोलीनच्या मागोमाग धापा टाकत उतरला. घरून निघताना पामरला फोन करायची सवड त्याला मिळाली नव्हती.

आर्डिस सरळ आत आली. निळा कोट, हातात पर्स, पांढरे केस नीट विंचरलेले. पामर नकळत सरळ उभा राहिला.

"पामर, आमचा फाळका इथे काय करतोय?"

 झाकण उघडंच होतं. सेल्मरने मागून त्याला डोळ्यांनी खुणावलं, झाक म्हणून; पण तोवर ती घोड्यांशी पोचली होती. लिहिलेलं दिसलं की वाचायचं ही तिची जन्माची सवय. तिने चष्मा लावला आणि वर्गात वाचायची तशा स्पष्ट आवाजात वाचलं. १९ ऑक्टोबर १९७९. आर्डिस ब्राटेन. ती म्हणते. मग खालची ओळ, आजच्या तारखेची. सेल्मर ब्राटेन. तो म्हणतो.

ती थांबली. वरची ओळ तिने पुन्हा वाचली, या वेळी मनात, मग खालची. तिचा हात पत्र्यावर आडवा फिरला आणि मधोमध, जिथे वाकलं होतं तिथे, थांबला. तिला सगळं आठवलं आहे हे पामरला दिसलं, आणि सेल्मरलाही. सेल्मरचा चेहरा उतरला. तो एक पाऊल पुढे आला आणि तिथेच अडला.

आर्डिसने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. रडली नाही. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"म्हणजे आपली फिट्टंफाट झाली," ती म्हणाली.

"नाही झाली," सेल्मर म्हणाला.  "तू चौतीस वर्षं ऐकून घेतलंस. माझे तीन आठवडेच झालेत."

"मग उरलेली वर्षं तू ऐकून घे," ती म्हणाली, आणि त्याच्या कोटाच्या बाहीला हात घालून उभी राहिली. जोलीनला काही कळलं नाही. ती दारात उभी राहून एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. पामरने खडू खिशात घातला, परत काढला, परत घातला.

झाकण बसवायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. आठवा स्क्रू पिळून झाला आणि त्याने व सेल्मरने फाळका उचलून गाडीला लावला, तोवर आर्डिस खिडकीपाशी जाऊन मोज्यांचा खोका चाळत होती. ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मघाचं काहीतरी पुसलं गेलं होतं. फाळका काढला का होता, तिने विचारलं.

"बिजागऱ्यांना तेल घालायला, बाई," पामर म्हणाला. हे त्याने तोंडानेच सांगितलं.

"बरं केलंस. करकरत होता." तिने फाळक्यावरून नजर फिरवली, डाव्या कोपऱ्यातल्या पोच्यावर बोट टेकलं आणि समाधानाने मान हलवली.

जोलीन पुढे निघून गेली. सेल्मर पिकअपमध्ये बसला. वर्कशॉपासमोर जागा अरुंद आहे, गाडी मागे घेऊन वळवावी लागते. आर्डिस आत बसली नाही. ती आपल्या जागी, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात वर केला. मग अर्ध्यात थांबली, पुढे झाली, कडी ओढली आणि फाळका हळूच खाली पाडला. मागे ट्रेलर नव्हता, काही नव्हतं. परत जागेवर जाऊन तिने हात वर केला आणि ये ये केलं. आरशात बघत सेल्मर आला.

ती आत बसल्यावर पामर फाळका लावायला पुढे झाला. सेल्मरने काच खाली केली आणि मान हलवून नको म्हटलं.

फाळका पाडून रिकामी गाडी चालवणाऱ्याला हेग्रेत शेंबडं पोरही हटकतं. गाडी हमरस्त्यावरून संथ गेली, धान्याच्या कोठारापुढून, पोस्टापुढून. कोठाराशी चार माणसं उभी होती. त्यांनी गाडी ओळखली, आत कोण आहे ते बघितलं, आणि चौघांनी टोपीला हात लावला. कुणी हाक मारली नाही. पामर दारात उभा राहिला. पाडलेला हिरवा फाळका वळणापर्यंत दिसत होता.